ताप ‘मेंदूत जातो’ म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा लागला की पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत बसायला जागा मिळत नाही. सर्दी-खोकला, डेंगी, फ्लू, जुलाब, सगळं एकदमच येतं. त्यात २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधून चांदीपुरा विषाणूच्या बातम्या यायला लागल्या: मुलाला जोराचा ताप, मग झटके, मग बेशुद्धी आणि काही जणांचा एक-दोन दिवसांत मृत्यू. नमुने तपासायला पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत येत होते, त्यामुळे इकडच्या पालकांचाही जीव टांगणीला लागला. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला कायमचा ठाण मांडून बसला आहे: ताप १०२ च्या वर जाऊ देऊ नका, तो मेंदूत जातो, मुलाला झटके येतात आणि मूल जन्माचं अधू होतं.

या सल्ल्यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ आहे. तापात झटके येतात, हे खरं. ताप मेंदूत जातो, हे खरं नाही. मूल अधू होतं, हेही बहुतेक वेळा खरं नाही. पण क्वचित कधी तापासोबतचे झटके फार गंभीर आजाराचे असतात. ती क्वचितची वेळ घरच्या घरी ओळखता येते, आणि ती ओळखण्याची खूण झटक्यांत कमी, झटक्यांनंतर जास्त दिसते.

आकडी येते तेव्हा काय दिसतं

हॉस्पिटलच्या कागदावर ‘फेब्राइल सीझर’ किंवा ‘फेब्राइल कन्व्हल्शन’ असं लिहिलेलं असतं. घरात कुणी आकडी म्हणतं, कुणी झटके, कुणी फिट. या लेखात आकडी म्हणू. वैद्यकातली व्याख्या अशी: मूल सहा महिने ते पाच वर्षांचं, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, मेंदूला किंवा त्याच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेला नाही आणि याआधी बिनतापाची आकडी कधी आलेली नाही. सगळ्यात जास्त दिसते ती वर्ष-दीड वर्षाच्या मुलांत.

अंग तापलेलं मूल आईच्या मांडीवर पेंगत असतं. एकाएकी त्याची नजर थिजते, बुबुळं वर जातात. मान मागे ताठते, मुठी वळतात, दातखीळ बसते. श्वास अडकल्यासारखा होतो आणि ओठ निळे पडतात. मग हातपाय एका तालात उडायला लागतात, तोंडाच्या कडेने फेस येतो, कधी शू होते. हळूहळू झटक्यांमधलं अंतर वाढतं, मूल एक मोठा श्वास घेतं, अंग सैल सोडतं आणि गाढ झोपतं. हे सगळं बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आटोपतं. आईला विचारलंत तर ती पंधरा मिनिटं म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसते. मूल हातातून गेलंच, असं तिला त्या वेळी वाटलेलं असतं.

हे दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांतल्या पाहणीत शंभर मुलांमागे दोन ते पाच जणांना ही आकडी कधी ना कधी येऊन जाते. जपानमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. म्हणजे पन्नास चिल्लीपिल्ली असलेल्या सोसायटीत एखाद-दुसऱ्या घराला याचा अनुभव असणारच. लोक सांगत नाहीत, एवढंच.

ताप मेंदूत जात नाही, मेंदूच तो चढवतो

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. शरीराचं तापमान किती ठेवायचं, हे तो ठरवतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसपाशी प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तो तापमानाची पातळी मुद्दाम वर नेतो. मग शरीर त्या पातळीला पोचेपर्यंत धडपडतं: हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, मूल गोधडी ओढून घेतं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून ताप उतरतो.

ताप असा मेंदूच्याच हुकमाने चढत असल्यामुळे त्याला मर्यादा असते. साध्या जंतुसंसर्गाचा ताप १०६ च्या पुढे सहसा जात नाही, आणि निव्वळ उष्णतेने मेंदूला इजा व्हायची तर तापमान साधारण १०७-१०८ च्या घरात जावं लागतं. उष्माघाताची गोष्ट वेगळी. एप्रिलच्या उन्हात काचा बंद असलेल्या गाडीत अडकलेल्या मुलाचं शरीर उष्णता बाहेर टाकूच शकत नाही, तिथे मेंदूचा ताबा सुटलेला असतो आणि पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो. फ्लूच्या १०३ तापाला हा नियम लावू नका.

मग आकडी येतेच का?

मेंदूच्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक संदेशांनी बोलावतात. काही रसायनं त्यांना चेतवतात, काही आवर घालतात. लहान मुलात चेतवणारी यंत्रणा आधी तयार होते, आवर घालणारी मागाहून. कर्वे रोडवर नुकतीच ॲक्टिव्हा हातात घेतलेल्या पोराला पिळायला पटकन जमतं, पण ब्रेकवर हात जायला उशीर होतो, तसंच हे. सपाट रस्त्यावर निभून जातं. तापात मात्र तापमानाने पेशी जास्त चटकन चेततात आणि संसर्गाशी लढताना बाहेर पडलेली रसायनं त्यात भर घालतात. असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडतात, आणि बाहेर आपल्याला हातपाय उडताना दिसतात. पाच वर्षांच्या आसपास ब्रेक पक्का होतो आणि या आकड्या थांबतात.

मग प्रत्येकच तापलेल्या मुलाला का येत नाही? बरंचसं उत्तर घराण्यात आहे. आई-वडील, आत्या, मामा यांपैकी कुणाला लहानपणी असं झालेलं पुष्कळदा निघतं. मूल दवाखान्यात असताना आजी हळूच सांगते, “अहो, ह्याच्या बाबालाही दोन वर्षांचा असेपर्यंत असंच व्हायचं.” डॉक्टरांसाठी ही माहिती मोलाची असते, ती आधीच सांगावी. काही विषाणूही जास्त खोडकर असतात: फ्लूचा, आणि रोझिओला हा पुरळाचा ताप आणणारा एक नागिणीच्या कुळातला विषाणू. शिवाय शरीरात लोह कमी असलेल्या मुलांत ही आकडी जास्त दिसते, असं भारतातल्या अभ्यासांतही आढळलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, सहा महिने ते पाच वर्षं वयाची आपल्याकडची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आकडी येऊन गेलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन तपासायला फारसा खर्च येत नाही, पण एमआरआयच्या आग्रहापुढे ही साधी तपासणी विसरली जाते.

आणखी एक. पुष्कळदा मुलाला ताप आहे हे घराला कळतं तेच आकडी आल्यावर. दुपारी खेळत होतं, संध्याकाळी झटके, मग अंगाला हात लावला तर चटका बसतो. थर्मामीटरवरचा आकडा आणि आकडी यांचा हिशोब सरळ नसतो. उलट, कमी तापातच आकडी आलेल्या मुलाला ती पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते.

कांदा, चप्पल आणि घड्याळ

आकडी आली की घरात एकच धावपळ उडते. “अगं, कांदा फोड आधी!” “चप्पल हुंगवा!” कुणी मुठीत किल्ली कोंबतं, कुणी दातांत चमचा घालतं. दोन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं. काही केलं नसतं तरी ते तेवढ्यातच थांबणार होते. कांद्याने निदान नुकसान तरी होत नाही. चमच्याने होतं: दात तुटतो, हिरडी फाटते, तुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जाईल ही भीती निराधार आहे, जीभ कुणालाच गिळता येत नाही.

करायचं ते थोडं आहे. मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळची बटणं, टोपी, काळा दोरा सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात पाणी, सिरप, काहीही घालू नका. मूल शुद्धीत नाही, ते फुप्फुसात जाईल. आणि घड्याळ बघा. घरात दुसरं माणूस असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. हे ऐकायला निर्दय वाटतं, पण हातपाय दोन्ही बाजूंचे उडत होते की एकाच, हे डॉक्टरांना त्या व्हिडिओवरून कळतं. घाबरलेल्या माणसाच्या सांगण्यावरून सहसा कळत नाही.

पाच मिनिटं झाली आणि झटके चालूच असतील तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं हॉस्पिटल गाठा. पाच मिनिटांचीच मुदत का, तर एवढा वेळ लांबलेली आकडी आपणहून थांबण्याची शक्यता घटत जाते आणि ती औषधाने थांबवणं भाग असतं. आधी आकडी येऊन गेलेल्या मुलासाठी डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात. तो याच पाच मिनिटांच्या ठोक्याला वापरायचा. किती वेळा मारायचा हे मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून चिठ्ठीवरचा आकडा स्प्रेच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवावा.

झटके चालू असताना मुलाला खांद्यावर टाकून जिना उतरत सुटणं हा आपला सर्वांत धोक्याचा रिवाज आहे. मान लोंबकळते, लाळ घशात जाते. पहिली पाच मिनिटं मूल घरातच कुशीवर सुरक्षित असतं. एकानं मुलापाशी थांबावं, दुसऱ्यानं रिक्षा आणावी. पेठेतल्या गल्लीत संध्याकाळी रिक्षा मिळायला तसाही वेळ लागतोच.

झटके थांबले. आता मुलाकडे नीट बघा

आकडी साधी होती की नाही, हे इथे ठरतं. साध्या आकडीत झटके दोन्ही बाजूंना सारखे असतात, पंधरा मिनिटांच्या आत थांबतात आणि चोवीस तासांत पुन्हा येत नाहीत. त्यानंतर मूल झोपतं किंवा किरकिरतं, पण साधारण तासाभरात ते पूर्वीसारखं होतं. आईला ओळखतं, पाणी मागतं, बाबांचा मोबाइल ओढतं. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल बिस्किट खात असतं आणि आई-बाबांचे चेहरे मात्र पांढरे पडलेले असतात.

चांदीपुराचं चित्र असं नसतं. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्यातल्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था तेव्हा विषाणू संशोधन केंद्र म्हणून ओळखली जायची. वाळूमाशी चावल्याने तो पसरतो. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत वाढते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. या आजारावर खास औषध नाही आणि लसही नाही. इथे झटके मेंदूलाच सूज आल्याने येतात, म्हणून झटके थांबले तरी मूल जागं होत नाही. हाक मारली तर डोळे उघडत नाही, उघडले तरी नजर लागत नाही, गुंगी वाढत जाते. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते तेव्हाही असंच घडतं.

तेव्हा लक्ष ठेवायचं ते याच्यावर. तासाभरानंतरही मूल नीट शुद्धीवर येत नसेल, सारख्या उलट्या होत असतील, मान पुढे वाकवताना रडत असेल, तान्ह्याची टाळू फुगलेली दिसत असेल, अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके उठले असतील, झटके फक्त एका बाजूला आले असतील किंवा एका दिवसात दुसऱ्यांदा आले असतील, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तापात आकडी आली तर ती साधी कधीच धरायची नाही. आणि पहिली आकडी कितीही साधी वाटली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

अशा वेळी डॉक्टर कधी कधी पाठीतलं पाणी तपासायला सांगतात, आणि इथे नातेवाईक अडून बसतात: पाठीत सुई घातली की मूल पांगळं होतं म्हणे! सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. तिथे नुसतं पाणी आणि त्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात. या भीतीपायी मेंदूज्वराचं निदान एक दिवस लांबलं, तर त्या एका दिवसाने मूल खरोखर अधू होऊ शकतं. साध्या आकडीत मात्र ही तपासणी लागत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा आलेख, आणि एमआरआयही लागत नाहीत. डॉक्टरांनी ते लिहून दिले नाहीत तर तो हलगर्जीपणा समजू नका.

‘पण मेंदूवर परिणाम होतच असेल की!’

याचं उत्तर बरंच नीट शोधलं गेलं आहे. १९७० च्या एप्रिलमधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यातल्या तापाची आकडी आलेल्या ३८१ मुलांची दहाव्या वर्षी तपासणी झाली, आणि त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासात, बुद्धीत, वागण्यात ती मुलं इतरांपेक्षा मागे नव्हती.

मोठेपणी फेफरं, म्हणजे अपस्मार, जडण्याची भीती थोडी खरी आहे. १९७६ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा १७०६ मुलांपैकी सातव्या वर्षापर्यंत साधारण दोन टक्के मुलांना अपस्मार झाला. आकडी न आलेल्या मुलांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. साधी आकडी आली तर धोका किंचित वाढतो. आकडी लांबलेली किंवा एका बाजूची असेल, किंवा मुलाची वाढ आधीपासून मागे असेल, तर जास्त वाढतो.

मग रोजची गोळी का देत नाहीत? पूर्वी द्यायचे. फेनोबार्बिटोन, आपल्या घराघरांत गार्डिनल म्हणून ओळखलं जाणारं औषध, वर्षानुवर्षं दिलं जाई. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे औषध दोन वर्षं दिलेल्या मुलांचा बुद्ध्यांक, नुसती साखरेची गोळी दिलेल्या मुलांपेक्षा सरासरी आठ गुणांनी कमी निघाला, आणि आकड्याही थांबल्या नाहीत. ज्या आजाराने मेंदूला इजा होत नाही त्यावर असं औषध देण्यात अर्थ नव्हता, म्हणून साध्या आकडीसाठी ते मागे पडलं.

‘वेळेवर औषध दिलं असतं तर आकडी आली नसती ना?’

आकडीनंतर घरात हा प्रश्न येतोच आणि बहुतेक वेळा तो आईच्या दिशेने येतो. ऑफिसला का गेलीस, रात्री उठून ताप का नाही पाहिलास. फिनलंडमध्ये एकदा आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांवर दोन वर्षं हाच प्रयोग झाला आणि २००९ मध्ये त्याचा निकाल आला: ताप आल्याबरोबर भरपूर मात्रेत तापाची औषधं दिली तरी पुढच्या आकड्या कमी झाल्या नाहीत. २०१८ च्या एका जपानी अभ्यासाने यात थोडी भर घातली. एका आजारपणात आकडी येऊन गेल्यावर त्याच आजारपणात पॅरासिटामॉल नियमित दिलं, तर दुसरी आकडी येण्याचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. म्हणजे आकडी आलेल्या दिवशी तापाचं औषध वेळच्या वेळी द्यायला हरकत नाही. पण पहिली आकडी आईच्या विसराळूपणाने आली, या आरोपाला काही आधार नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तरी चालेल.

मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी आकडी टळत नाही. मुलाला बरं वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा. बर्फाचं पाणी नको, त्याने हुडहुडी भरून ताप उलट चढतो.

ज्यांना आकडी वारंवार येते किंवा फार लांबते अशा मुलांना डॉक्टर ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझाम हे आकडी रोखणारं औषध देतात. त्याने गुंगी येते, मूल चालताना झोकांड्या खातं. हीच गुंगी मेंदूज्वराची खूणही झाकू शकते, म्हणून ते प्रत्येकाला देत नाहीत. एकदा आकडी आलेल्या तीन मुलांपैकी साधारण एकाला ती पुढच्या कुठल्या तरी तापात पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्यांना.

लस द्यायची की नाही?

द्यायची. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, त्रिगुणीच्या बूस्टरनंतर त्याच दिवशी येतो, आणि मुळात प्रवृत्ती असलेल्या मुलाला त्या तापात आकडी येऊ शकते. ती इतर तापातल्या आकडीसारखीच असते, वेगळी किंवा वाईट नसते. खुद्द गोवरात ताप कितीतरी जास्त चढतो आणि गोवर मेंदूला सूजही आणू शकतो. हिब आणि न्यूमोकोकस या जंतूंच्या लशी तर मेंदूच्या आवरणाच्या संसर्गापासूनच वाचवतात. लस टोचण्याआधी आधीच्या आकडीबद्दल नर्सला सांगा, ताप कधी येऊ शकतो ते विचारून घ्या आणि त्या दिवसांत मुलाला घरीच ठेवता आलं तर पहा.

पाळणाघरात जाणाऱ्या मुलासाठी एक चिठ्ठी लिहून द्यावी: कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांनी स्प्रे आणि १०८, आमचा फोन त्यानंतर. हा क्रम मावशींना तोंडी समजावून सांगावा, कारण त्यांचा पहिला हात फोनकडे किंवा चमच्याकडेच जाणार. स्प्रेची एक बाटली तिथे, एक घरी ठेवा, आणि दोन्हींवरची मुदत संपण्याची तारीख अधूनमधून बघत जा.